पहिला वाटा

वरच्या कुणालातरी एकदा वाटलं की आदिवासी पोरांना त्यांचंच काहीतरी शिकवावं. ते वाटणं वरून खाली झिरपत झिरपत जून महिन्यात मोखाड्यापलीकडच्या एका हायस्कुलात पोचलं आणि नेमकं कमलबाईंच्या टेबलावर येऊन पडलं. नववीला आठवड्यातून एक तास, विषय 'आपलं साहित्य, आपली संस्कृती', सोबत एक पातळ पुस्तक आणि वर्षाचे वीस गुण.

"बाई, तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?" हेडसर म्हणाले.

'त्यांच्यातल्याच' हा शब्द बाईंनी इतक्या वेळा ऐकला होता की आता तो बोचतही नव्हता. मागून ढकलायचं असलं की लोक तो काढत, एवढंच. त्यांनी पुस्तक उचललं, वेळापत्रकात जागा शोधली, आणि शनिवारचा शेवटचा तास तेवढा मोकळा सापडला. शनिवारी घरी जायला जव्हारची लवकरची एसटी मिळायची, तीही गेली.

बाई मूळच्या दाभोशाकडच्या एका पाड्यावरच्या. पाड्यावर त्या कमू होत्या. पहिलीत गुरुजींनी दाखल्यावर कमल लिहिलं आणि तोंडातली घरची बोली छडीनं सरळ केली. ती इतकी सरळ झाली की पुढे तीच सरळ मराठी शिकवून बाई पोट भरू लागल्या. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. नवरा सुशील जव्हारला नोकरीत, मुलगा ऋत्विक ठाण्याला, आणि बाई मोखाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन आठवडाभर एकट्या. यंदा मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं. दिवाळी झाली की खोल्या सोडायच्या, जव्हारच्या घरी राहायचं आणि निवृत्तीपर्यंत ये-जा करायची. संध्याकाळी कुणी आयता चहा हातात दिला तर आणखी काही नको, इतक्या त्या थकल्या होत्या.

पहिल्याच तासाला पुस्तकात कणसरीचं गाणं निघालं. कणसरी म्हणजे धान्याची आई. भात झोडून खळ्यावर रास लागली की गाणं म्हणून तिला बोलवायचं, ही इकडची रीत. पुस्तकात ते गाणं धुऊन, इस्त्री करून छापलं होतं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, पोरांनी मागून म्हटलं, आणि वर्गात पाढे म्हटल्यासारखा आवाज झाला.

"घरी कोण कोण म्हणतं हे?" बाईंनी विचारलं.

मग सगळ्यांच्या माना हळूहळू खिडकीकडच्या बाकावर बसलेल्या गोदीकडे वळल्या. गोदी वहीत भूगोलाचा नकाशा रंगवत होती. तिच्या आईचं, माघीचं, गाणं आसपासच्या चार पाड्यांवर नावाजलेलं होतं, आणि आईच्या मागं उभं राहून ते गोदीलाही आलं होतं.

"गोदी, दोन ओळी म्हण बरं."

गोदी उभी राहिली, खाली बघत राहिली. तिच्या वतीनं मागून मुकेश बोलला, "बाई, आता नाय म्हनत तो गाना. रास कोठं हाय?"

कुणी हसलं नाही. बाईंनाच हसू आलं, तेही कडवट. पोराचं खरं होतं. पोरं वर्गात असतात तेव्हा गाण्यांचे दिवस नसतात. खळ्यावर रास लागते, गाणी जागी होतात, आणि झोडणी उरकते न उरकते तोच अर्धा वर्ग आईबापांच्या मागं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघून जातो. ज्यानं कुणी हे पुस्तक काढलं त्यानं भात कधी पिकतं एवढं तरी कुणाला विचारायचं! पण तसं विचारायला बाई कुठं जाणार होत्या? त्यांनी फळ्यावर 'कणसरी : धान्यदेवता' एवढं लिहिलं आणि घंटा होईपर्यंत शुद्धलेखन घातलं.

गोदीचं मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. पोरगी हुशार होती, आणि नववी पुरी करण्याची चिन्हं नव्हती. तिची मोठी बहीण आठवीत असताना भट्टीवर गेली ती परत बाकावर बसलीच नाही. यंदा माघीचं धाकटं पोर रांगतं होतं, त्याला भट्टीवर सांभाळायला गोदीच जाणार हे ठरल्यात जमा होतं. माघी काही वाईट बाई नव्हती. पोरीनं दहावी व्हावं असं तिलाही वाटे. पण दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारेकोतारे उरतात. एकट्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची?

यावर उपाय एकच होता, शाळेत हंगामी वसतिगृह. भट्ट्यांचे महिने पोरांनी शाळेतच राहायचं, जेवायचं, झोपायचं. त्याची मागणी बाईंनी शिक्षण खात्याच्या दोन साहेबांच्या कारकिर्दीत केली होती आणि दोन्ही साहेब मान डोलवून गेले होते. यंदाचे तिसरे. जुलैत ते शाळेत आले, चहा प्याले आणि म्हणाले, "नऊ ऑगस्टला आदिवासी दिन आहे. कार्यक्रम दणक्यात होऊ द्या. अस्सल काहीतरी पाहिजे हं, ते रेकॉर्डवरचे नाच नकोत. मी स्वतः येतो, तुमच्या वसतिगृहाचं तिथंच जाहीर करून टाकू."

"कणसरीचं गाणं ठेवू," हेडसर लगेच म्हणाले. "आमच्या बाई त्यांच्यातल्याच आहेत."

साहेब गेल्यावर बाईंनी गोदीला बोलावलं. "तुला शाळेत राहायचंय ना?"

"हो."

"मग गा."

"रास नाय, बाई."

"रास मी मांडते."

गोदीनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरली. मग म्हणाली, "आईला इचारा."

म्हणून रविवारी जव्हारला जायचं सोडून बाई पाड्यावर गेल्या. जीपनं फाट्यापर्यंत, पुढे चिखलातून. माघी गुडघाभर पाण्यात भाताची आवणी करत होती. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात रोपांची मूठ. बाई बांधावर छत्री धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी साहेब, वसतिगृह, गोदीचं शिक्षण असं सगळं एका दमात सांगितलं. माघी रोपं लावता लावता ऐकत होती.

"बोलवायला काय, गोदी बोलवंल," ती म्हणाली. "पन बसवाल कोठं? या दिसांत कोनाच्या घरात दाना हाय? पाहुनीला बोलवायचा आनि उपाशी धाडायचा, असा कोन करतो का?"

"शाळेत तांदूळ आहे, पोरांच्या खिचडीचा. त्याची रास मांडते."

"आनि पयला वाटा?"

बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

माघी कंबर सरळ करून उभी राहिली. "गाना मधी तोडत नाय, बाई. पयला वाटा कोनी उचलल्याबिगर गानारनीनं थांबायचा नाय. आनि जो उचलंल त्यानं गानारनीला पुढच्या दान्यापर्यंत आपल्या घरातली धरायची. तुमाला ठावा हाय ना?"

ठाऊक होतं. कमूनं लहानपणी खळ्यावर ते दर वर्षी पाहिलं होतं. पहिला वाटा भरल्या घरचा माणूस घेई, कारण वाटा ओंजळभराचा आणि ओझं वर्षाचं. गाणारणीच्या घरात चूल पेटली नाही तर त्यानं आपल्या ताटातलं द्यायचं, छप्पर गळलं तर आपल्यात घ्यायचं. म्हणून गाणं शेवटाला आलं की लोक एकमेकांना कोपरानं ढोसत. कमूचा बाप तर अलगद दोन पावलं मागं सरकून बिडी पेटवायला लागे. त्याच्याकडे असून तो मागं सरके, याची कमूला फार लाज वाटायची.

"माघीताई, हा नुसता कार्यक्रम आहे," बाई म्हणाल्या. "वाटाबिटा काही नाही. पोरगी गाईल, साहेब टाळ्या वाजवतील, वसतिगृह मिळेल. झालं."

माघीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा वाकली आणि रोपं लावू लागली. "पोरगी शालंत र्‍हाईल ना?"

"राहील."

"मंग गाऊ दे."

नऊ ऑगस्टला सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं, पाड्यांवरच्या आया, दोन पुढारी आणि एक फोटोग्राफर दाटीवाटीनं बसले होते. साहेब तासभर उशिरा आले. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं 'आपल्या महान संस्कृतीचं जतन' या विषयावर इतका वेळ घेतला की पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली. अस्सल काहीतरी पाहिजे म्हणून तारपा वाजवणाऱ्याला आणायला माणूस गेला होता. तो भात निसवून कणसं आल्याशिवाय तारप्याला हात लावायला तयार नव्हता, तेव्हा शेवटी स्पीकरवरच नाच झाला. नववीच्या पोरींनी केसांत प्लॅस्टिकची फुलं माळली होती.

मग गोदी उठली. बाईंनी व्यासपीठाच्या मधोमध घोंगडीवर तांदूळ ओतून ठेवला होता. पांढरा, सडीक, गिरणीतून निघालेला तांदूळ. रास खरी भाताची लागते, पण ऑगस्टात भात कुठून आणणार? हेडसरांनी बजावलं होतं की कार्यक्रम झाला की दाणा न दाणा पोत्यात परत गेला पाहिजे.

गोदीनं राशीपुढे बसून सुरुवात केली, आणि पहिल्या दोन ओळींतच शेडमधली कुजबुज थांबली. आवाज काही गोड नव्हता. जरा खरखरीत, उघडा आवाज, खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर पोचेल असा. कणसरी डोंगरामागून निघाली, नदी ओलांडली, कुणाच्या दारात थांबली, कुणी तिला ओळखलं नाही, असं ते गाणं एकेक घर करत पुढे जात होतं. बायका ओठ हलवू लागल्या. कमलबाईंच्या अंगावर काटा आला. किती वर्षांत त्यांनी हे ऐकलं नव्हतं! आपण हे सगळं मागं टाकून कुठं आलो आणि कशासाठी, असं त्यांच्या मनात आलं.

"रास बसली, आई बसली, पयला वाटा कोनाचा?" गोदीनं शेवटची ओळ म्हटली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या थांबल्या तशी गोदीनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

आणि पुन्हा.

आधी कुणाला काही कळलं नाही. ध्रुवपद असेल असं साहेबांना वाटलं, त्यांनी मोबाइल वर करून चित्रण सुरू केलं. मग हात दुखला म्हणून खाली घेतला. हेडसर माइक घेऊन आभाराला उभे राहिले, गोदी थांबेना तसे खाली बसले, परत उठले. "छान, गोदी, छान. बस झालं बाळ."

गोदीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती शेडमधल्या माणसांकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे. ओळ संपली की श्वास घेत होती आणि परत तीच ओळ म्हणत होती. पोरांमधून दोन-तीन फिदीफिदी हसू फुटलं आणि विरलं.

पाड्यांवरच्या बायकांना मात्र पहिल्याच फेऱ्याला कळलं होतं. त्या खाली बघत होत्या. एकीनं पदर हातात घेतला, चुरगाळला, सोडून दिला. कोण उठणार? ज्या महिन्यात स्वतःच्या पोरांना कंद उकडून घालायचे त्या महिन्यात दुसऱ्याच्या पोरीला वर्षभर आपल्यात धरायचा शब्द कोण देणार? खोटा वाटा उचलायला त्यांच्यातली एकही तयार नव्हती. माघी मागच्या रांगेत रांगतं पोर मांडीवर दाबून बसली होती. तिला स्वतःला उठता येत नव्हतं. गाणारणीच्या घरच्यांनी आपला वाटा आपण घ्यायचा नसतो.

बाईंना वाटलं, आपण माइक घ्यावा आणि सांगावं, बसा, हा कार्यक्रम आहे, टाळ्या वाजवा. सांगितलं असतं तर सगळ्यांनी ऐकलंही असतं. पण पोरीचा आवाज फाटायला लागला होता. 'कोनाचा' म्हणताना तो चिरकत होता आणि तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ही रास आपण मांडली, हात दाखवून अवलक्षण आपण करून घेतलं, आणि आता सगळ्या गावासमोर ही पोर एकटी पडली आहे. बाईंना स्वतःचा असा राग आला की गुडघ्याची कळही त्यांना जाणवली नाही. त्या उठल्या, व्यासपीठावर गेल्या, वाकल्या, ओंजळभर तांदूळ उचलला आणि पदरात घेतला.

गोदी ओळीच्या मध्यावरच थांबली. शेडमध्ये नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू येऊ लागला. मग बायकांनी एकदम सोडलेला श्वास ऐकू आला.

"वा! प्रेक्षकांतून पात्र उठवायची कल्पना फारच छान," साहेब भाषणात म्हणाले. वसतिगृहाबद्दल ते म्हणाले की प्रशासन सकारात्मक आहे. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

हेडसरांनी तांदूळ पोत्यात भरून घेतला. बाईंच्या पदराच्या गाठीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. बाई खोलीवर गेल्या, गाठ सोडली, तांदूळ आपल्या डब्यात ओतला. रात्री त्यातलाच भात लावला आणि आमटीशी खाल्ला. अंग इतकं आंबलं होतं की पुढचा काही विचार करायचं त्राणच नव्हतं.

गणपती आले आणि गेले. सकारात्मक प्रशासन काही हललं नाही. नवरात्रात कळलं की साहेबांची बदली झाली. चौथ्या साहेबांनी फोनवर फार अदबीनं सांगितलं की आता हंगाम तोंडावर आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. बाईंनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. कुणाकुणाला आणखी फोन केले, एकदा चौथ्या साहेबांच्या केबिनबाहेर दुपारभर बसूनही आल्या. काही झालं नाही.

गोदीला त्यांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात गाठून सांगितलं. गोदी "बरं" म्हणाली. तिला ते आधीच माहीत असावं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. नव्या विषयात त्यांनी तिला वीसपैकी वीस दिले. त्या विसांचं ती पोर भट्टीवर काय करणार होती?

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा खिडकीकडचा बाक रिकामा होता. मुकेशही नव्हता. पाड्यांवर खळी लागली होती, काही पोरं झोडणीला होती, काही भट्टीवर पोचलीही होती, आणि वाऱ्यानं कोंडा रस्त्यापर्यंत उडत होता. पुस्तकातला पुढचा धडा 'सुगीची गाणी' होता. समोर उरलेल्या दहा-बारा डोक्यांना बाईंनी तो वाचून दाखवला.

त्याच शनिवारी बाई खोल्या आवरत होत्या. सुशील रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. भांडी पोत्यात भरून तोंडं दोरीनं बांधली होती, गादी गुंडाळली होती, भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं उरलं होतं. तेवढ्यात दारात माघी येऊन उभी राहिली. काखेत पोर, डोक्यावर गाठोडं. मागं गोदी, तिच्या पाठीला शाळेचं दप्तर.

"आमी उद्या पहाटं निंगतो," माघी म्हणाली. "हिला ठिवायला आलू."

"कुठं ठेवायला?"

"तुमच्यात."

बाईंना आधी नीट उमगलंच नाही. उमगलं तेव्हा त्या भडकल्या. "अहो, मी खोल्या सोडतेय! हे बघा, सगळं बांधून झालंय. आणि तो कार्यक्रम होता. मी तुम्हाला बांधावर उभी राहून सांगितलं होतं, वाटाबिटा काही नाही म्हणून!"

"तुमी उठलात," माघी म्हणाली. "तुमाला कोनी उठवला नवता."

"पोरीचा घसा फाटत होता म्हणून उठले!"

"तो दाना काय केलात? परत पोत्यात टाकलात?"

"नाही."

"खाल्लात ना?"

बाई म्हणाल्या, "खाल्ला."

माघीनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं. डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिनं उंबऱ्याच्या आत ठेवलं. नवं भात होतं, भरडायचं राहिलेलं, त्याचा वास खोलीभर पसरला. "आमच्या खल्यावरचा हाय. लय नाय." मग ती गोदीकडे न बघता म्हणाली, "तिचा काय जास्ती नाय. सकालची भाकर तीच करंल. होळीला येतू आमी, कमूबाय."

कमूबाय! इतक्या वर्षांत त्यांना या गावात त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हे नाव माघीला कुठून कळलं हेही विचारायचं त्यांना सुचलं नाही. माघी पाठमोरी झाली. काखेतलं पोर खांद्यावरून मागं बघत रडायला लागलं, गोदीसाठी, आणि वळणाआड जाईपर्यंत रडत राहिलं. गोदी हलली नाही. दप्तराचे बंद दोन्ही मुठींत घट्ट धरून ती दारातच उभी होती, आत ये म्हणतील की नाही याची वाट बघत.

बाई गुंडाळलेल्या गादीवर बसल्या. सुशीलला फोन करायला हवा होता, तो चिडणार होता. घरमालकाला सांगायला हवं होतं. गोदीची दहावी होईपर्यंत, आणखी दीड वर्ष तरी, ही चूल, हे गुडघे, हा एकटेपणा. नाही, एकटेपणा नाही. आयत्या चहाचं मात्र राहूनच गेलं. त्यांना खळ्यावरचा बाप आठवला, गाणं संपत आलं की बिडी पेटवायला मागं सरकणारा. इतकी वर्षं त्यांना त्याची लाज वाटत आली होती. आज पहिल्यांदा त्याची दया आली, कारण आत्ता, या क्षणी, त्यांनाही मागं सरकावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

दारातली पोर अजून तशीच उभी होती.

"आत ये गं," बाई म्हणाल्या. मग छडीनं सरळ झालेल्या त्यांच्या तोंडातून कितीतरी वर्षांनी घरची बोली निघाली. "जेवलीस का नाय?"

गोदीनं मान हलवली. नाही.

कमूनं भांड्यांच्या पोत्याची दोरी सोडली आणि आतून दोन ताटं काढली.